"जीव लावू नकोस" म्हणतात, पण चार वर्षांच्या मुलाला सांभाळायचं तरी कसं?

तुमचा प्रश्न मला जसा कळला तसा आधी मांडते, काही चुकत असेल तर सांगा. तुम्ही फोंड्याच्या बाजूला एका बालगृहात लहान मुलांच्या खोलीत मावशी म्हणून नवीन लागलाय. बालकल्याण समितीच्या, म्हणजे अशा मुलांनी कुठे राहायचं हे कायद्याने ठरवणाऱ्या समितीच्या, ऑर्डरवर एक चार वर्षांचा मुलगा आलाय, कोणीही पाहुणा आला की धावत जाऊन त्याच्या मांडीवर बसतो, कोणालाही मम्मी म्हणतो, पण गेले पंधरा दिवस फक्त तुम्हालाच चावतोय, आंघोळीला नेलं की लाथा मारतो, उशीखाली पाव लपवतो आणि रात्री उठून न रडता नुसता बसून राहतो. जुन्या मावशी म्हणतात तू त्याला लाडावून ठेवलंयस, जास्त जीव लावू नकोस, उद्या त्याला दुसरीकडे हलवतील तेव्हा तो पण रडेल आणि तू पण. आणि तुम्ही विचारताय की मी खरंच थोडी लांब राहू का.

लांब राहू नका. पण हा प्रश्न एकट्या तुमच्या मायेचा नाहीये. ह्या मुलाला उठवणारं, आंघोळ घालणारं, जेवू घालणारं, झोपवणारं माणूस रोज तेच असणार की ड्युटी बदलली की बदलणार, खरा प्रश्न हा आहे. मी गोव्यात बऱ्याच वर्षांपासून बालगृहांमधल्या लहान मुलांबरोबर समुपदेशक म्हणून काम करतेय, आणि मुलाचं काय होणार हे कशावर ठरतं असं कोणी विचारलं तर मी इमारत, खेळणी, देणग्या ह्यांच्या आधी ड्युटीचं वेळापत्रक बघायला मागते.

आता मी मुलाला बघितलेलं नाही, त्यामुळे काही गोष्टी परिस्थितीवर सोडाव्या लागतील. तो का आला, पहिली दोन वर्षं कोणाजवळ होता, आई जिवंत आहे का, कोणी भेटायला येतं का, ह्यावर खूप काही ठरतं. आई आजारी पडली म्हणून आलेलं मूल वेगळं आणि घरात रोज मारहाण बघून आलेलं वेगळं. तुमच्या सुपरिटेंडंटकडे त्याचा सामाजिक तपासणी अहवाल असेल, पूर्ण फाइल तुम्हाला दाखवणार नाहीत आणि ते बरोबरच आहे, पण त्याला कशाची भीती वाटते, आधी कोण सांभाळायचं, घरात कुठली भाषा होती एवढं तुम्हाला कळायलाच हवं, ते हक्काने मागा.

आंघोळीचं आधी बोलते कारण ते मला जास्त महत्त्वाचं वाटलं. लहान मूल कपडे काढताना किंवा पाणी अंगावर घेताना एवढं घाबरत असेल तर त्याची कारणं बरीच असू शकतात, कधी अंगावर गरम पाणी पडलेलं असतं, कधी अख्ख्या आयुष्यात नळाखाली गार पाण्याने धरून धुतलेलं असतं, आणि कधी लैंगिक अत्याचार झालेला असतो. कुठलं ते तुम्ही शोधून काढायचं नाही. त्याला खोदून खोदून विचारू नका, "कोणी केलं, कुठे हात लावला" असलं काही नाही. त्याने स्वतःहून काही सांगितलं तर त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहून ठेवा आणि त्याच दिवशी सुपरिटेंडंटला आणि संस्थेच्या समुपदेशकाला सांगा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे नुसता संशय असला तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही, वरच्यांनी दुर्लक्ष केलं तर तुम्ही स्वतः कळवू शकता. आणि तोवर रोजच्या आंघोळीत एवढं करा: हात लावायच्या आधी सांगा की आता डोक्यावर पाणी घालणार, मग साबण, मग झालं. तांब्या त्याच्या हातात द्या, पहिलं पाणी त्याला स्वतःलाच घेऊ दे, दार थोडं उघडं ठेवा, चड्डी ठेवून आंघोळ करायची असेल तर करू दे, काही बिघडत नाही. वेळ जास्त लागतो हे मला माहितीय, सकाळी दहा-बारा मुलं ओळीने उभी असतात आणि बालवाडीची गाडी येणार असते, पण ह्या एकाला शेवटी घ्या.

आता ते सगळ्यांच्या मांडीवर बसणं. पाहुण्यांना वाटतं किती गोड, किती मिळून मिसळून राहतो. ज्याने हे काम केलंय त्याच्या पोटात मात्र अशा वेळी गोळा येतो. आपल्या माणसाजवळ वाढलेलं तीन-चार वर्षांचं पोर अनोळखी माणूस आला की आधी आईच्या मागे लपतं, तिच्याकडे बघतं, मग हळूच पुढे येतं. तुमच्या मुलाला बघायला मागे कोणीच नव्हतं म्हणून तो जो येईल त्याला धरतो. ह्याचा धोका पण आहे, असं मूल कोणाबरोबरही गेटबाहेर जाऊ शकतं.

आणि तुम्हालाच का चावतो? कारण बहुतेक वेळा अशी मुलं ज्या माणसावर थोडा भरवसा बसायला लागलाय त्याच्यावरच सगळं काढतात. पाहुण्याला चावून त्याला काय मिळणार, पाहुणा तर जाणारच आहे. तुम्ही रोज परत येताय हे त्याच्या लक्षात यायला लागलंय आणि जवळ आलेल्या माणसाने आजवर त्याचं काय केलंय ते त्याच्या अंगाला आठवतंय. म्हणून तो बघतोय की मी असा वागलो तरी ही उद्या येते का. अशा वेळी चावू देऊ नका, हात बाजूला घ्या, आवाज न चढवता सांगा "चावायचं नाही, मला दुखतं, मी इथेच बसलेय", आणि खरंच तिथेच बसा. त्याला एकट्याला खोलीत बंद करणं, जेवण तोडणं, "पोलिसांना बोलावते" किंवा "परत पाठवून देईन" म्हणणं, ह्यातलं काहीही नको. परत पाठवीन ही धमकी घरातल्या मुलाला नुसती धमकी वाटते, ह्याच्या बाबतीत ते आधी होऊन गेलेलं असतं.

पावाचं सांगते. उशीखालचा पाव काढून घेऊ नका, निदान त्याच्या समोर तरी नाही. ज्या मुलाला पुढचं जेवण कधी मिळेल हे माहीत नव्हतं त्याच्यासाठी तो पाव म्हणजे रात्रीची झोप आहे. आमच्याकडे एक मुलगी सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंपू ऐकला की अंथरुणातून उठून सरळ गेटवर जायची आणि पाव आत आल्याशिवाय तोंड धुवायला यायची नाही, दोन पाव फ्रॉकमध्ये लपवायची, एक खायची आणि एक बुरशी येईपर्यंत ठेवायची. ओरडून काही फरक पडला नाही. मग तिला झाकणाचा एक छोटा डबा दिला, त्यावर तिच्या आवडीचं मांजराचं चित्र चिकटवलं, आणि रोज संध्याकाळी तिच्या समोर त्यात बिस्किटं, कधी चुरमुरे, कधी पाव भरायचा असं ठरवलं, डबा तिच्या उशाशी आणि तो कोणीही उघडायचा नाही, मावशीने सुद्धा नाही. पहिले बरेच दिवस ती रात्रीतून तीन-चार वेळा उघडून बघायची, खायची नाही, नुसती बघायची. मग बघणं कमी झालं आणि कितीतरी महिन्यांनी एकदा तिने त्यातलं बिस्किट शेजारच्या मुलाला दिलं. मुंग्या होतील म्हणून स्वयंपाकाच्या बाई तक्रार करतील, घट्ट झाकणाचा डबा घ्या आणि सकाळी पुसा, पण डबा द्याच.

रात्री न रडता बसून राहणं हे मला रडण्यापेक्षा जास्त काळजीचं वाटतं. रडलं की कोणी येतं हा अनुभव असला तरच मूल रडतं. त्यामुळे तो उठलेला दिसला की तुम्हीच जा, लाइट एकदम लावू नका, आधी लांबून नाव घ्या मग जवळ बसा, थोपटायचं असेल तर विचारून. काही मुलांना थोपटलेलं सहन होत नाही, त्यांच्या पलंगाला टेकून जमिनीवर बसलं तरी पुरतं. आणि तो कधी रडायला लागला आणि तुमचं नाव घेऊन रडला तर जुन्या मावशी म्हणतील बघ बिघडवलास, तुम्ही मनातून खूश व्हा.

आता त्या जुन्या मावशींबद्दल. त्यांच्यावर रागावू नका. त्यांनी कितीतरी मुलं वाढवून पाठवून दिलीयत आणि त्यांना कधी कोणी धड निरोप घेऊ दिलेला नाही, सकाळी ड्युटीवर आल्या आणि पलंग रिकामा, असं झालेलं असतं. त्यातून हा सल्ला येतो. तो त्यांना स्वतःला वाचवायला उपयोगी पडला असेल, मुलाला मात्र तो महागात पडतो.

हे मी नुसतं मनाचं सांगत नाहीये. रोमानियात बुखारेस्टला २००० साली एक मोठा अभ्यास सुरू झाला, संस्थेत राहणारी १३६ लहान मुलं घेतली, सगळी अडीच वर्षांच्या आसपास किंवा त्याहून लहान, आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखं करून निम्म्यांना चांगल्या पालक कुटुंबांत, म्हणजे दत्तक न घेता मूल सांभाळणाऱ्या घरांत, ठेवलं. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, बोलणं, माणसाशी जोडलं जाणं ह्यात सुधारणा दिसली, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांत ती जास्त दिसली. तिथल्या संस्थांत मुलं जेवत होती, छप्पर होतं, पण त्यांचं असं एक माणूस नव्हतं. दुसरं काम रशियात सेंट पीटर्सबर्गच्या बाळांच्या संस्थांत झालं. तिथे एका ठिकाणी कर्मचाऱ्यांना नुसतं ट्रेनिंग दिलं आणि दुसऱ्या ठिकाणी ट्रेनिंगबरोबर रचनाच बदलली, म्हणजे गट छोटे केले, प्रत्येक गटाला ठरलेली माणसं दिली, मुलांना वय वाढलं की दुसऱ्या खोलीत ढकलणं बंद केलं. जिथे रचना बदलली तिथे मुलं जास्त सुधारली, वजन-उंचीत सुद्धा. म्हणून मी ट्रस्टींना नेहमी सांगते की वर्षातून एकदा हॉटेलच्या हॉलमध्ये वर्कशॉप घेऊन काही होत नाही, ड्युटी चार्ट बदला.

तर सुपरिटेंडंटशी बोलताना भावनेवर बोलू नका, नेमकं मागा. ह्या मुलाची सकाळची आंघोळ आणि रात्रीची झोपायची वेळ शक्यतो माझ्याच ड्युटीत ठेवा, माझ्या सुट्टीला ठरलेली एकच दुसरी मावशी असू दे, आम्ही दोघी एका दिवशी रजेवर जाणार नाही, आणि त्याची खोली सारखी बदलू नका. सुट्टीच्या आदल्या दिवशी त्याला सांगा, भिंतीवर कॅलेंडर लावून तुमच्या सुट्टीच्या दिवसावर एक खूण आणि परत यायच्या दिवशी तुमचा फोटो लावा. न सांगता जाऊ नका, त्याचं लक्ष नसताना सटकणं तर अजिबात नको, तो रडला तरी सांगूनच जा. मोठी मुलं-मुली जास्त आणि मावश्या दोनच अशी परिस्थिती असेल तर हे सगळं जमणार नाही हे मलाही दिसतंय, पण झोपायची वेळ एवढी एकच गोष्ट तरी पक्की करून घ्या.

पाहुण्यांचा विषय आपल्या गोव्यात वेगळाच मोठा आहे. चवथ, दिवाळी, नाताळ आणि कोणाच्या तरी मुलाचा वाढदिवस, सगळे केक घेऊन बालगृहात येतात, सीझनला किनाऱ्याकडून आठ-पंधरा दिवसांचे व्हॉलंटियर येतात, लहान मुलांना उचलतात, फोटो काढतात, जातात. ज्या मुलाची अडचणच ही आहे की माणसं येतात आणि जातात, त्याला आपण तेच पुन्हा पुन्हा वाढतोय. येणाऱ्यांच्या मनात वाईट नसतं, त्यांना काम द्यायला हवं, भिंत रंगवा, स्वयंपाकाला हात लावा, मोठ्या मुलांचं गणित घ्या, फुटबॉल खेळा. सहा वर्षांखालच्यांना उचलून घेणं आणि आंघोळ-जेवण भरवणं फक्त त्यांच्या ठरलेल्या माणसांनी करावं. फोटोचं तर कायद्यातच आहे, २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख पटेल असं काही छापता-दाखवता येत नाही, फेसबुकवर केक कापतानाचा फोटो त्यातच आला. आणि अनोळखी माणसाला मुलांजवळ एकटं सोडायचं नाही हे गोव्यात तरी वेगळं सांगायला नको, १९९१ साली मडगावात फ्रेडी पीट्सचं मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचं प्रकरण उघडकीला आलं, तो माणूस मुलांची संस्थाच चालवत होता, १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. २००३ साली गोव्याने मुलांसाठी स्वतःचा वेगळा कायदा केला. हे आपल्याच राज्यात घडलंय.

भाषेकडे पण बघा. बालगृहात येणारी बरीच मुलं बाहेरून कामाला आलेल्या कुटुंबांची असतात, बांधकामावरची, मासळीच्या जेटीवरची, कोणाच्या घरी कन्नड, कोणाची लमाणी, कोणाची ओडिया. आपण मराठी-कोंकणीत बोलतो आणि म्हणतो मूल हट्टी आहे, ऐकत नाही. तुमच्या मुलाची भाषा वेगळी असेल तर पाणी, भूक, दुखतं, भीती, आई, झोप, मी आहे, एवढे तरी शब्द त्याच्या भाषेत शिका, गावात ती भाषा बोलणारी बाई शोधून सुपरिटेंडंटच्या परवानगीने आठवड्याला ठरलेल्या वेळी तिला बोलवा. मुलं ते ऐकून कशी मान वळवतात ते तुम्हीच बघाल.

आता सगळ्यात अवघड भाग, तो जाणार त्याचं काय. तो जावा हीच आपली इच्छा असली पाहिजे. कायदाच सांगतो की संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, समितीने साधारण चार महिन्यांत चौकशी पूर्ण करून पुढचं ठरवायचं असतं. गरिबीमुळे आलेला असेल तर मिशन वात्सल्य ह्या सरकारी योजनेत पात्र कुटुंबाला महिन्याला ४००० रुपये प्रायोजकत्व मिळू शकतं, मामा-आजी असेल तर तिकडे, कोणीच नसेल तर पालक कुटुंब किंवा दत्तक. प्रत्येक मुलाला घाईने घरी पाठवा असंही मी म्हणणार नाही, मारणारा माणूस अजून त्याच घरात असेल तर नाहीच, आणि काही मुलांना थोडा काळ स्थिर जागेची खरंच गरज असते. पण चार वर्षांच्या मुलाचा तो काळ महिन्यांत मोजायचा, वर्षांत नाही.

इथे तुमच्या हातात एक मोठी गोष्ट आहे ती म्हणजे रोजची वही. "त्रास देतो, जिद्दी आहे" असं लिहू नका. काय झालं, किती वाजता, त्याच्या आधी काय झालं होतं, कशाने शांत झाला, एवढं लिहा. "शुक्रवारी संध्याकाळी माळीकाकांनी हेल्मेट घातलेलं बघून पलंगाखाली गेला, वीस मिनिटं बाहेर आला नाही, पावाचा डबा जवळ नेऊन ठेवल्यावर आला." असली नोंद त्याच्या वैयक्तिक संगोपन योजनेत गेली की समितीला, डॉक्टरांना आणि पुढे त्याला घेणाऱ्या कुटुंबाला तिचा जेवढा उपयोग होतो तेवढा मोठमोठ्या रिपोर्टांचा होत नाही.

जायचं ठरलं की त्याला कळू द्या, त्याला समजेल अशा शब्दांत, आणि नवीन माणसांनी आधी काही वेळा येऊन तुमच्या समोर त्याच्याबरोबर वेळ घालवावा असा आग्रह धरा. त्याची एक छोटी वही करा, त्यात त्याची खोली, मित्र, तुमचा फोटो, त्याला काय आवडतं, काय बघून घाबरतो, पहिला दात कधी पडला. ती त्याच्याबरोबर गेली पाहिजे, बालगृहाच्या कपाटात राहता कामा नये. तो रडेल. तुम्हीही रडाल, त्याच्या समोर थोडं रडलात तरी चालेल, आपल्या जाण्याने कोणाला तरी वाईट वाटलं हे त्याने बघितलेलं चांगलं. एकदा एका माणसाजवळ विसावायला शिकलेलं मूल दुसऱ्याजवळ विसावू शकतं, कधीच न शिकलेल्याला ते सगळं पहिल्यापासून करावं लागतं. जीव लावा असं मी म्हणते ते त्यासाठी.

तुमचं स्वतःचं पण बघा. चावून घेऊन, रात्री जागून माणूस चिडतं, त्यात लाज वाटायचं काही नाही, पण चिडलात की दुसऱ्या मावशीला हाक मारून पाच मिनिटं बाहेर जा. आठवड्यातून एकदा समुपदेशकाशी तुमच्याबद्दल बोलायला वेळ मागा. मुलाची झोप आणि भीती महिन्या-दीड महिन्यात काहीच हलली नाही, किंवा तो स्वतःला इजा करायला लागला, तर सुपरिटेंडंटना सांगून बांबोळीला आयपीएचबी ह्या सरकारी मानसोपचार हॉस्पिटलात दाखवून घ्या, मानसोपचार म्हटलं की लोक घाबरतात पण तिथे जितक्या लवकर जाल तितकं बरं.

आणि त्याआधी गोवा मेडिकल कॉलेजच्या (जीएमसी) बालरोग विभागात साधी तपासणी: रक्त, जंत, दात आणि कान. तुम्ही लिहिलंय की मागून हाक मारली तर वळत नाही आणि सगळे त्याला बेपर्वा म्हणतात. कान वाहून वाहून कमी ऐकू येणारी मुलं मी खूप बघितलीयत आणि त्यातल्या कितीतरी जणांना हट्टी म्हणून मार बसलेला असतो. कानांची तपासणी ह्याच आठवड्यात करून घ्या, बाकीचं सगळं त्यानंतर सुरू केलंत तरी चालेल.